स्वच्छ बांध

धाकटीला स्वच्छतेचं वेड होतं, आणि त्या वेडापायी थोरलीला वेड लागायची पाळी आली होती. दोघी सख्ख्या बहिणी. आईनं दोघींच्या नावावर केलेली एकच जमीन आणि जमिनीला लागून एका ओळीत तीन खोल्या: एका टोकाला थोरली, दुसऱ्या टोकाला धाकटी, मध्ये आई. पुढचं अंगण सामाईक, पण ते बघून कुणी तसं म्हटलं नसतं. धाकटीकडच्या अर्ध्या भागात गुळगुळीत फरशी, ती रोज दोनदा पुसली जायची. थोरलीकडचा अर्धा भाग मातीचा. तिथे मक्याची वाळलेली ताटं, पालापाचोळ्याचा ढीग, कुजत टाकलेल्या शेणाचा खड्डा आणि त्या खड्ड्यावर मनसोक्त चरणाऱ्या कोंबड्या. या दोन राज्यांच्या बरोबर सीमेवर आईची खुर्ची असायची, दोन पाय फरशीवर आणि दोन मातीत. त्यामुळे ती कायम डुगडुगायची. आई ती कुठल्याही एका बाजूला सरकवू द्यायची नाही.

कामाची वाटणी मात्र चोख होती. थोरलीनं शेत बघायचं आणि धाकटीनं विक्री. गावातल्या बायकांचा एक गट होता, सगळ्याच जणी औषधं न फवारता पिकवणाऱ्या, आणि त्या गटाला ‘विषमुक्त’ असा एकच शिक्का मिळालेला होता, तोही दर वर्षी शेतांची पाहणी होऊन. शिक्का होता म्हणून शहरात स्टॉल होता, आणि स्टॉलवर धाकटी उभी राहायची. तिच्या जिभेवर साखर होती. थोरलीला एकदाच स्टॉलवर बसवलं होतं. कुणा गिऱ्हाईकानं विचारलं, या शेंगेला भोक कसं काय? थोरली म्हणाली, “अळीला आवडली म्हणून. तुम्हाला नसेल आवडली तर खाली ठेवा.” त्यानंतर तिला कुणी स्टॉलवर बसवलं नाही आणि तिनंही त्याचं दुःख केलं नाही.

थोरलीचा जीव बांधावर होता. शेताच्या कडेनं गेलेला रुंद बांध, आणि त्यावर बघणाऱ्याला नुसतं रान माजलेलं दिसायचं. पण ते रान तिनं लावलेलं होतं. कोथिंबीर मुद्दाम फुलू दिलेली, बडीशेप माणसाच्या खांद्याएवढी वाढलेली, मधूनमधून झेंडू. त्या फुलांवर बारीक गांधीलमाश्या यायच्या, ठिपक्यांचे ढालकिडे यायचे, गवताच्या बुडाशी कोळी जाळी विणायचे, आणि ही सगळी मंडळी शेतातला मावा आणि अळ्या फुकटात खाऊन टाकायची. शेतात फवारावं लागत नव्हतं ते या बांधामुळे. हे जमायला काही वर्षं लागली होती, आणि त्या वर्षांत अर्धं पीक किडीच्या घशात गेल्याचंही तिनं बघितलं होतं.

आणि याच बांधावर, मक्याच्या जुन्या ताटांवर चढवलेला, आईचा घेवडा होता. शेतातला घेवडा विकायला, तो कोवळाच तोडायचा आणि तोडणी संपली की वेल उपटायचे, आणि बांधावरचा बियाण्याला. सगळ्यात चांगल्या वेलांचं बी हेरून थोरली ते दर वर्षी बांधावर लावायची आणि शेंगा वेलावरच खडखडीत वाळू द्यायची. पावसानं ओढ दिली तरी शेंगा धरणारा घेवडा होता तो. पांढऱ्या बीला पोटाशी एक जांभळा डाग. आई लग्न करून आली तेव्हा ते बी घेऊन आली होती, आणि त्याबरोबर घरात एक नियमही आला होता. शिडी मागितली तर नाही म्हणा, मीठ मागितलं तर नाही म्हणा, पण बियाणं मागितलं तर नाही म्हणायचं नाही. आईनं तो नियम असा काही पाळला की आसपासच्या सगळ्या घरांत हा घेवडा जाऊन आला होता. यंदाच्या पेरणीला डब्याच्या तळाशी मूठभर बी उरलं होतं, तेही थोरलीनं नदीपलीकडून मागायला आलेल्या एका बाईच्या हातावर ठेवलं. डबा रिकामा झाला म्हणून तिला काही वाटलं नाही. बांधावर शेंगा लोंबत होत्या.

शेंगा वाळायला लागल्या आणि त्याच सुमाराला आईच्या डोळ्याची शस्त्रक्रिया ठरली. थोरली तिला घेऊन शहरातल्या दवाखान्यात गेली. चार-पाच दिवसांनी आई परत आली ती डोळ्यावर काळा चष्मा लावून आणि सूचनांचं गाठोडं घेऊन. वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, शिंकताना जपायचं, आणि मुख्य म्हणजे रडायचं नाही. बसमधून उतरताना आई म्हणाली, “हे बरंय. आता मला कुणी रडवलं तर डॉक्टरांचं नाव सांगेन.”

थोरली हसली नाही. तिला रस्त्यावरूनच बांध दिसला होता.

तो पिवळा पडला होता. वाळतं रान पिवळं पडतं तसा नाही. ते कुठे पिवळं, कुठे करडं, कुठे अजून हिरवं असं असतं. हा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकसारखा पिवळा होता. आईला खुर्चीत बसवून ती हातातल्या पिशवीसकट तशीच बांधावर गेली. घेवड्याचा वेल बुडापासून वाळत वर जातो. खालची पानं गळून जातात तेव्हाही शेंड्याला एखादं फूल असतं. इथे आधी शेंडे माना टाकून बसले होते. बडीशेप आडवी झाली होती, झेंडूची बोंडं काळी पडून लोंबत होती. कोळ्यांची जाळी होती पण जाळ्यांत कुणी नव्हतं. तिनं एक शेंग सोलली. आतलं बी रबरासारखं दबलं.

तिला कुणाला काही विचारावं लागलं नाही. तणनाशकाचा वास नाकात बसलेला माणूस तो विसरत नाही. तळपायाची आग मस्तकात गेली, आणि ती बांधावरून थेट फरशीवर, चिखलाच्या पायांनी, धाकटीच्या दारात जाऊन उभी राहिली.

“कुणी केलं?”

धाकटीनं आधी पायांकडे बघितलं, मग तोंडाकडे. “हळू बोल,” ती म्हणाली. “आई ऐकेल.”

म्हणून दोघी बहिणी शेणाच्या खड्ड्यामागे गेल्या आणि तिथे कुजबुजत भांडल्या. राग आला की ओरडता आलं पाहिजे, तेवढीच त्याला वाट असते. इथे आईच्या डोळ्यापायी तीही वाट बंद होती. थोरली दातओठ खात बोलत होती आणि कोंबड्या मान वाकडी करून दोघींकडे बघत होत्या.

“पंपवाल्याला बोलावलं होतं,” धाकटी म्हणाली. “पाहणी आलीय ना तोंडावर. मागच्या पाहणीत त्या बाई काय म्हणाल्या होत्या? शेत उत्तम, कडा अस्ताव्यस्त. गुण कापले कडांचे. तुला सांगून तू साफ केला असतास का?”

“विषमुक्त शेताची पाहणी आहे, म्हणून तू विष मारलंस?”

“शेतात थेंब पडू दिला नाही. मी स्वतः उभी होते. वारा पडल्यावर मारून घेतलं. शिक्का पिकाला आहे ताई, बांधाला नाही. बांध शेतात धरत नाहीत.”

“कोण धरत नाही?”

“कुणीच धरत नाही. तू सोडून.”

काही माणसं खोटं बोलतात, ती परवडली. धाकटी खोटं बोलत नव्हती. तिच्या हिशेबात विष म्हणजे गिऱ्हाईकाच्या पोटात जाणारी गोष्ट होती, आणि बांध कुणी खात नाही.

“तिथे बियाणं होतं,” थोरली म्हणाली.

“कुठे?”

“मक्यावर चढवलेलं. आईचा घेवडा.”

धाकटीचा चेहरा उतरला, हे खरं. पण त्या उतरलेल्या चेहऱ्यानंच थोरलीचा उरलासुरला तोल गेला. कारण याच घेवड्याची गोष्ट ही बया दर आठवड्याला स्टॉलवर सांगत होती. आमच्या आईनं आणलेलं बी, आम्ही बहिणींनी जिवापाड जपलेलं, असं डोळ्यांत पाणी आणून. शहरातल्या अर्ध्या बायकांना तो जांभळा डाग पाठ झाला होता. आणि जपलेलं बी धरतात कुठे, हे तिनं एकदाही येऊन बघितलं नव्हतं.

“मला वाटलं वाळलेला कचरा आहे,” धाकटी म्हणाली. “खरंच वाटलं. आता झालं ते झालं. पाहणी होईपर्यंत गप्प बस, ताई. शिक्का माझ्या एकटीचा नाही, गटाचा आहे. एकीचा गेला की सगळ्यांचा जातो. नंतर मला हवं तर त्या खड्ड्यात गाड.”

“जागा आहे त्यात,” थोरली म्हणाली आणि निघून गेली. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. धाकटीनं तो होकार धरला.

त्या दिवसापासून थोरली घरात वावरत होती ती एखादं भांडं काठोकाठ भरून न्यावं तशी. बांधावरच्या सगळ्यात जून शेंगा निवडून तिनं त्यातलं बी ओल्या फडक्यात गुंडाळून खिडकीत ठेवलं. रोज सकाळी फडकं उघडायचं, बघायचं, पुन्हा ओलं करायचं. बी फुगलं. तिला आशा वाटली, याचाही तिला नंतर राग आला. मग बी बुळबुळीत झालं आणि त्याला आंबूस वास सुटला. एकालाही मोड आला नाही. तिनं ते फडक्यासकट फेकून दिलं. इकडे शेताच्या कडेच्या ओळीत मावा दिसायला लागला होता. त्याला खाणारं आता कुणी उरलं नव्हतं.

“बांधावर आवाज नाही आजकाल,” आई खुर्चीतून म्हणाली. “माश्या कुठे गेल्या?”

“थंडी आहे,” थोरली म्हणाली. आईशी ती असलं काही खोटं कधी बोलली नव्हती. हा हिशेबसुद्धा तिनं मनात धाकटीच्याच नावावर टाकला.

पाहणीच्या दिवशी गटातल्या सगळ्या बायका जमल्या. त्यांत सगळ्यात पुढे भोंगा, गावानं तिचं नावच ते पाडलं होतं. ती शेजारच्या वाडीतली शेळ्या पाळणारी बाई, आणि तिचा आवाज असा की तिनं शेळ्यांना हाक मारली की तीन शेतांपलीकडची माणसं जेवायला घरी जात. धाकटी धुतलेल्या कपड्यांत हसतमुख. आईनंही हट्ट धरला, मला न्या, मला कानांनी पाहणी करायचीय. धाकटीनं तिचा हात धरला आणि तिला शेतात आणलं.

पाहणीवाल्या बाई वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर थोरलीचं काम सोपं झालं असतं. त्यांनी उकिडवं बसून माती हातात घेतली, चुरगळली, हुंगली. गांडुळं बघून त्यांना आनंद झाला आणि तो नाटकी नव्हता. मक्याखाली भोपळा का पसरवलाय, हे त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांनीच बाकीच्या बायकांना सांगितलं की जमीन झाकलेली राहते आणि ओल टिकते. थोरली त्यांच्यामागून चालत होती आणि तिच्या मनात आलं, ही बाई बांध बघेल आणि ओळखेल. मला तोंड उघडावंच लागणार नाही. त्या विचारानं तिला इतक्या दिवसांत पहिल्यांदा जरा मोकळं वाटलं.

बाई बांधाशी आल्या. थांबल्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर टाकली.

“वा,” त्या म्हणाल्या. “केवढा फरक आहे. मागच्या वेळी मी कडांबद्दल बोलले होते ते तुम्ही मनावर घेतलेलं दिसतंय. असं नीटनेटकं असलं की बघणाऱ्यालाही विश्वास वाटतो.”

बायका हसल्या. धाकटी म्हणाली, “तुमचंच मार्गदर्शन.”

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. मेलेल्या बांधाला पैकीच्या पैकी गुण, आणि जिवंत होता तेव्हा कापले होते. मागच्या वर्षी याच जागी उभ्या राहून या बाईंनी नाक मुरडलं तेव्हा त्यांच्या बाहीवर ढालकिडा चालत होता. ही सगळी माणसं, शिक्के देणारी, शिक्के मिरवणारी आणि शिक्का बघून विकत घेणारी, यांना शेत नकोच आहे, यांना शेताचा फोटो हवा आहे, असं तिला वाटलं. पण तिनं बायकांच्या चेहऱ्यांकडे बघितलं. भोंग्यानं आज चक्क चप्पल धुतली होती. थोरली मूग गिळून गप्प राहिली. ती बोलणार नव्हती. इथपर्यंत गिळलं होतं, आणखी थोडं गिळलं असतं, बाई गेल्या असत्या आणि शिक्का राहिला असता.

पण बाईंनी हात पुढे केला. ताटांवर लोंबणारी एक शेंग त्यांनी हलकेच धरली.

“हाच का तो आईंचा घेवडा? मी स्टॉलवर ऐकलंय याच्याबद्दल. मला मूठभर बियाणं मिळेल? माझ्या गच्चीवर लावीन म्हणते.”

“घ्या ना,” धाकटी घाईघाईनं म्हणाली. “त्यात मागायचं काय?”

आणि आईचा चेहरा खुलला. काळ्या चष्म्याआडून तिला काय दिसत होतं कोण जाणे, पण मागणं तिला ऐकू आलं होतं. ती थोरलीच्या दिशेनं वळली. “दे गं तिला. चांगलं निवडून दे. नाही म्हणायचं नाही.”

थोरलीनं बाईंच्या हातातून शेंग काढून घेतली.

“नाही,” ती म्हणाली.

कुणालाच कळेना काय झालं ते. आईला तर वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. “काय म्हणालीस?”

“नाही देणार, आई. हे कुणालाच नाही द्यायचं. यावर तणनाशक मारलंय. तू दवाखान्यात होतीस तेव्हा. मेलंय ते, मी भिजवून बघितलं. आणि मी एक वेळ कुणाला विष विकेन, पण बियाणं म्हणून हातावर नाही ठेवणार.”

सगळ्या बायका धाकटीकडे बघायला लागल्या. धाकटी जमिनीकडे बघत होती. पाहणीवाल्या बाईंनी हात मागे घेतला आणि कपड्याला पुसला, मग तो पुसला हे त्यांचं त्यांनाच बरं वाटलं नाही म्हणून दोन्ही हात मागे बांधले.

“शेतात नाही ना पण?” त्यांनी हळूच विचारलं. “फक्त कडेला? कारण कडेचं तसं... मी पीक बघायला आलेय. कडेला काय झालं ते मी आज ऐकलं नाही असं समजू शकते.”

त्यांना खरंच मदत करायची होती. भोंग्यानं जोरजोरात मान डोलावली. धाकटीनं वर बघितलं. दार उघडं होतं, आणि थोरलीनं नुसतं गप्प राहायचं होतं.

“मागच्या वर्षी गुण कापताना कड धरली होती ना तुम्ही?” थोरली म्हणाली. “मग आता पण धरा. ऐकलंय तुम्ही. चांगलं ऐकलंय.”

बाईंचा चेहरा लाल झाला. त्या चहा न घेताच गेल्या, आणि जाताना धाकटीला बाजूला घेऊन सांगून गेल्या की शिक्का एका वर्षासाठी थांबणार, आणि शिक्का एकच असल्यानं तो सगळ्या गटाचाच थांबणार.

मग अंगणात जे व्हायचं ते झालं. बायका फरशीवर आणि मातीवर मिळेल तिथे उभ्या होत्या आणि भोंग्याच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. गंमत अशी की तो धाकटीवर नव्हता.

“हिनं फवारलं ते एक चुकलं, मान्य. पण तू कशाला बोललीस? त्या बाई सोडून देत होत्या. आपणहून सोडत होत्या. आम्ही तुझं काय घोडं मारलं होतं? मी फवारलं का? या बाकीच्यांनी फवारलं का? आता वर्षभर आम्ही माल कुठे न्यायचा, तुझ्या बांधावर?”

बाकीच्याही बोलायला लागल्या, त्यातल्या बऱ्याच जणी खरं तेच बोलत होत्या. थोरली ऐकत होती. त्यांचं नुकसान झालं होतं आणि ते तिच्या तोंडानं झालं होतं. पण ऐकता ऐकता तिच्या डोक्यात वेगळीच तिडीक उठली.

“तुम्हाला सगळ्यांना मी हे बियाणं दिलंय,” ती म्हणाली. आता कुजबुजायचं कारण उरलं नव्हतं आणि तिचा आवाज भोंग्याच्या वर गेला. “एकेकीला दोन-दोनदा दिलंय. कुणाकडे आहे? सांगा. कुणी ठेवलंय?”

पुढच्या दोघी मागे सरकल्या.

“खाल्लं आम्ही,” मागची एक म्हणाली. “तुझ्याकडे असतंच ना.”

“तुझ्याकडे असतंच,” दुसरी म्हणाली. “म्हणून ठेवलं नाही.”

एक एक करत सगळ्यांनी तेच सांगितलं. नदीपलीकडच्या त्या बाईचं तर थोरलीनं गावही विचारलं नव्हतं. थोरलीला ओरडावंसं वाटलं, पण ओरडायचं कुणावर? ठेवा म्हणून तिनं तरी कधी कुणाला सांगितलं होतं? देताना तिला बरं वाटायचं, तेवढ्यावरच ती खूश होती. एवढ्या घरांत फिरून आलेला घेवडा शेवटी एका बांधावर उरला होता, आणि त्या बांधाला एक पंप पुरला.

“माझ्याही डोक्यात जायला लागलंय हे,” आई म्हणाली. सगळ्यांना वाटलं ती रडतेय, आणि दोघी मुली एकदमच तिच्याकडे धावल्या. आईनं दोघींचे हात झटकले. ती रडत नव्हती. तिला संताप आला होता. “लांब राहा दोघी. डोळा कापला होता माझा, कान नव्हता कापला. माश्या गेल्या ते मला पहिल्या दिवशी कळलं. म्हणे थंडी आहे. आंधळी समजून लहान पोर करून ठेवलंत मला.”

तेवढ्यात भोंगा घसा खाकरून, आपल्या मानानं अगदी हळू, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “माझ्या शेळ्यांच्या गोठ्यावर असतील.”

“काय?”

“वेल. मागे तू दिलं होतंस त्यातलं पेरलं, तो गोठ्याच्या पत्र्यावर चढला. शिडी लावून शेंगा कोण काढणार? कंटाळा आला. तिथेच वाळल्या, तिथेच सांडल्या, यंदा परत उगवल्या. मी काही बघितलं नाही त्यांच्याकडे.”

सगळ्या थोरलीकडे बघायला लागल्या. भोंगाही बघत होती. हाताची घडी घालून, हनुवटी वर करून. शिव्या देऊन झालेल्या नव्हत्या, मध्येच थांबल्या होत्या.

थोरलीनं आयुष्यात कुणाकडे बियाणं मागितलं नव्हतं. ती देणाऱ्या घरातली होती. आणि मागायचं कुणाकडे, तर आत्ता पाच मिनिटांपूर्वी जिनं सगळ्यांदेखत तिची लक्तरं काढली तिच्याकडे, तेही आळशीपणानं पत्र्यावर राहिलेलं बी. तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण बी बी असतं.

“मला मूठभर बियाणं दे,” ती म्हणाली.

भोंग्यानं जरा वेळ घेतला. तो तिचा हक्कच होता. मग म्हणाली, “देते. तुझ्या आईनं लावलेली खोड आहे, नाही म्हणता येत नाही. पण मी तुला सोडलेलं नाही, हे लक्षात ठेव. उद्या परत येणार आहे भांडायला.”

“ये,” थोरली म्हणाली.

ऊन उतरायच्या आत भोंगा डबा घेऊन आली. शेंगा पावसानं काळपट झालेल्या, काही फुटलेल्या, त्यात शेळ्यांच्या गोठ्यातला कचरा. थोरली मातीत बसून सोलायला लागली. बी बारीक होतं, निवडलेलं नसलं की होतं तसं. पण टणक होतं, आणि पोटाशी जांभळा डाग होता. सगळं मिळून ओंजळही भरली नाही.

धाकटी तिच्या खोलीतून बाहेर आली. फरशीवरून चालत आईच्या खुर्चीपर्यंत आली आणि जिथे फरशी संपते तिथे थांबली. तिचे डोळे सुजले होते. थोरलीनं मान वर केली नाही.

“ताई,” धाकटी म्हणाली. “त्यातलं थोडं मला दे. मी लावते.”

थोरलीच्या हातातली शेंग हातातच राहिली. राग ओसरलेला नव्हता. तो ओसरावा असं तिला वाटतही नव्हतं. जिनं घालवलं तीच हात पसरून उभी होती, आणि ओठांवर ‘नाही’ हा शब्द अगदी तयार होता. आज एकदा म्हणून झाला होता, दुसऱ्यांदा म्हणायला सोपा गेला असता. तिनं आईकडे बघितलं. आई काळ्या चष्म्याआडून समोर बघत होती आणि मुद्दाम एक शब्द बोलत नव्हती.

“कुठे लावशील?” थोरलीनं विचारलं.

“बांधावर. सगळा बांध मी परत—”

“बांधाला तू हात लावायचा नाहीस. बांध मी बघेन.” तिनं हाताच्या तळव्यावर बी घेतलं, निम्मं केलं आणि त्यातलं चांगलं निम्मं धाकटीच्या हातावर ठेवलं. “हे इथे लावायचं. तुझ्या दारात. रोज बाहेर पडताना तुला दिसलं पाहिजे. वाळेल तेव्हा वाळलेलं दिसलं पाहिजे, आणि पानं पडतील तेव्हा पानं झाडायची नाहीत.”

धाकटीनं खाली बघितलं. तिच्या पायाखाली फरशी होती.

“इथे माती नाहीये,” ती म्हणाली.

“आहे,” थोरली म्हणाली. “खाली आहे. पेरणीपर्यंत मोकळी व्हायला हवी, तेव्हा फरशी आजच उचल.”

आई खुर्चीतून उठली, आणि खुर्ची डुगडुगली. धाकटीनं मुठीतलं बी रिकाम्या खुर्चीवर ठेवलं, मग ते तिथून पडेल असं वाटून आईच्या हातात दिलं. ती पहार आणायला थोरलीच्या खोलीकडे गेली, आणि थोरलीनं पुढची शेंग सोलायला घेतली.